मेंदूचा अबोल सेवकवर्ग

भिलाईच्या पोलाद कारखान्याचे नाव निघाले, की डोळ्यांपुढे उभी राहते ती धगधगणारी झोतभट्टी. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. जवळच्या मरोदा येथील जलाशयाची कीर्ती मात्र फारशी कोणाच्या कानी नाही. त्याचे पाणी कारखान्याला मिळते. भट्टीला प्रखर उष्णता हवी असते हे सर्वांना ठाऊक असते. परंतु नको असलेली उष्णता वाहून नेणारे पाणी तिच्या भिंतींतून अखंड फिरते राहिले नाही, तर ती भट्टी टिकावयाची नाही. काम एकाचे दिसते. ते निभावते मात्र दुसऱ्याच्या आधाराने.

मानवी मेंदूतही असाच एक अबोल सेवकवर्ग आहे. संदेशांची देवघेव करणाऱ्या मज्जापेशींभोवती जवळजवळ तितक्याच संख्येने आधारपेशी असतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन शास्त्रज्ञ रूडॉल्फ फिरखो यांनी त्यांना मज्जातंतूंचा ‘डिंक’ अशा अर्थाचे नाव दिले. मज्जापेशींना चिकटवून जागेवर ठेवणे, एवढेच यांचे काम अशी समजूत पुढे दीर्घकाळ टिकली. तथापि यांतील ताऱ्यासारख्या फांद्या असलेल्या तारकापेशी केवळ टेकू नव्हेत. मज्जापेशींच्या कामातून बाहेर साचलेले पोटॅशियम त्या शोषून घेतात, तसेच संदेश पोहोचविल्यानंतर मागे उरलेली रासायनिक द्रव्येही झाडून नेतात. ही झाडलोट थांबली तर काय घडते, हे अपस्माराच्या एका प्रकारावरून उमगते.

अपस्मार म्हटले, की अंग ताठ होऊन कोसळणारा, तोंडाला फेस आलेला रुग्ण नजरेसमोर येतो. मराठी घरांत त्याला फेफरे म्हणतात, छत्तीसगढातील शेजाऱ्यांकडे मिरगी. कांदा किंवा चप्पल हुंगविण्याचा निरर्थक उपचारही दोन्हीकडे ओळखीचा आहे. क्षणिक विस्मरणाचा अपस्मार मात्र इतका गाजावाजा करीत नाही. बहुधा चार ते दहा वर्षांचे मूल बोलता बोलता थबकते, दृष्टी शून्यात लागते, पापण्या किंचित फडफडतात. आणि पाच ते वीस सेकंदांनी, जणू काही झालेच नाही अशा रीतीने, पुन्हा खेळू लागते. ते पडत नाही, रडत नाही. दिवसातून कित्येक वेळा असे झाले, तरी मोठ्यांना वाटते, की पोरगे धांदरट आहे, त्याचे अभ्यासात लक्ष नाही. ज्या क्षणी ते शुद्धीवरच नसते, त्या क्षणाबद्दल ते शिक्षा भोगते.

अशा झटक्याच्या वेळी मेंदूच्या विद्युत्-आलेखात एक टोकदार लहर व तिच्या पाठोपाठ एक संथ लहर, असे सेकंदाला सुमारे तीन आवर्तनांचे ठेके उमटतात. १९३५ मध्ये अमेरिकेतील गिब्स, डेव्हिस व लेनॉक्स यांनी ते टिपले. मेंदूचे बाह्यपटल आणि खोलवर असलेला थॅलॅमस हे दोन भाग त्या वेळी एकाच तालात अडकतात. आता, अपस्मार म्हणजे मज्जापेशींचे अनावर खवळणे, असे साधारणतः मानले जाते. तेव्हा पेशींना शांत करणारे ‘गाबा’ हे द्रव्य येथे कमी पडत असावे, असेच कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात आढळले ते उलटेच.

स्ट्रासबर्ग येथे जोपासलेल्या उंदरांच्या एका वंशात हा विकार उपजतच असतो. २००९ मध्ये कार्डिफ विद्यापीठातील व्हिन्सेन्झो क्रुनेली व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले, की या उंदरांच्या थॅलॅमसमध्ये गाबा परत शोषून घेणारी यंत्रणा दुबळी असते. आणि थॅलॅमसमध्ये ही यंत्रणा असते ती तारकापेशींपाशी. गाबा उचलला न गेल्यामुळे मज्जापेशींवर शांततेचा दाब सतत राहतो. पण असा दाब पडलेली पेशी मुकी राहत नाही. तिच्यातील कॅल्शियमची विशिष्ट द्वारे त्यामुळेच सज्ज होतात, किंचित धक्का लागताच उघडतात, आणि विद्युत्-संदेशांचा एक झोत सुटतो. दाबून धरलेली स्प्रिंग उसळावी तसा हा प्रकार होय. निरोगी उंदरांच्या थॅलॅमसमधील हे शोषण औषधाने रोखताच त्यांनाही झटके आले. अर्थात ठिणगी बाह्यपटलातून पडते, याचेही पुरावे आहेत. दोष एकट्या तारकापेशींचा नव्हे.

या ज्ञानाचे मोल व्यवहारात आहे. गाबाचे प्रमाण वाढविणारी व्हिगाबॅट्रिन आणि टायगाबिन ही औषधे अपस्माराच्या इतर काही प्रकारांत गुणकारी असली, तरी या प्रकारात झटके वाढवू शकतात. उलटपक्षी, उपयोगी पडणारे इथोसक्सिमाइड हे त्या कॅल्शियमच्या द्वारांवर काम करते. ‘फिटची गोळी’ म्हणून एकाचे औषध दुसऱ्याला देणे म्हणूनच धोक्याचे. निदान मात्र कठीण नाही. डॉक्टर मुलाला सुमारे तीन मिनिटे दीर्घ व जलद श्वासोच्छ्वास करावयास सांगतात. उपचार न झालेल्या मुलात बहुधा तेवढ्यातच झटका प्रकट होतो, आणि आलेख त्याची साक्ष देतो. योग्य उपचार झाले, तर पुष्कळ मुलांचा हा विकार वयात येता येता नाहीसा होतो.

समाजाची समजूत मात्र सावकाश बदलते. हिंदू विवाह कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातून अपस्माराचा अडसर निघाला तो १९९९ मध्ये. कायद्याने पुसलेला कलंक घराघरांतूनही पुसला जावयाचा, तर प्रारंभ शाळेच्या बाकापासून व्हावयास हवा. वर्गात वारंवार हरवणाऱ्या मुलावर हात उगारण्यापूर्वी शिक्षकाने त्याच्या डोळ्यांकडे वीस सेकंद पाहावे, आणि शंका येताच पालकांना बोलावून डॉक्टरांकडे धाडावे. त्या मुलाच्या मनाचा दोष नसतो. त्याच्या मेंदूतील झाडलोट तेवढी कोठेतरी अपुरी पडत असते.