वारसास्थळे आणि शासकीय जमिनीचा भाडेपट्टा : एक विवेचन

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील किल्ले, लेणी, बारव आणि पुरातन मंदिरे यांपैकी बहुसंख्य वास्तू केंद्र अथवा राज्य यांच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत नाहीत. अशा अनेक स्थळांचे संवर्धन करण्याची इच्छा स्थानिक संस्था, ग्रामपंचायती व महाविद्यालये यांना असते. तथापि, जमीन शासनाची असल्यास केवळ सदिच्छेने तेथे साधा निवाराही उभारता येत नाही. त्यासाठी जमिनीवरील हक्काचा प्रश्न प्रथम सोडवावा लागतो. प्रस्तुत लेखात या हक्काचे स्वरूप, तो मिळविण्याचा मार्ग व त्याच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

जमिनीची मालकी :
महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार, जी जमीन अन्य कोणाच्या मालकीची नाही ती राज्य शासनाकडे निहित असते. कलम ३८ अन्वये जिल्हाधिकाऱ्यास शासकीय जमीन विशिष्ट प्रयोजनासाठी, विशिष्ट मुदतीसाठी व अटींवर भाडेपट्ट्याने देता येते. या अधिकाराचा वापर शासकीय जमिनींच्या विल्हेवाटीसंबंधीच्या १९७१ च्या नियमांस अधीन राहून करावा लागतो. अशी जमीन धारण करणारा शासकीय पट्टेदार ठरतो. तो मालक नसतो.

भाडेपट्टा आणि परवानगी यांतील भेदही महत्त्वाचा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०५ नुसार भाडेपट्ट्याने मालमत्तेच्या उपभोगाचा हक्क हस्तांतरित होतो. उलट, सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ खालील परवान्याने जमिनीत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. वारसास्थळाची स्वच्छता वा माहितीफलक यांसाठी परवानगी पुरेशी असते. स्वागतकक्ष, संग्रहालय किंवा दीर्घकालीन गुंतवणूक यांसाठी मात्र भाडेपट्ट्याची निश्चितता आवश्यक ठरते.

प्रक्रियेचे टप्पे :
पहिला टप्पा अभिलेखांचा असतो. सातबारा उताऱ्यावरून जमीन शासनाची आहे, गायरान आहे की वनखात्याची आहे हे स्पष्ट होते. अनेक गिरिदुर्ग वनजमिनीवर असल्याने तेथे केवळ जिल्हाधिकाऱ्यांचा अधिकार पुरेसा नसतो. १९८० च्या वनसंवर्धनविषयक कायद्यानुसार तेथे केंद्र शासनाची पूर्वमान्यता घ्यावी लागते. गायरान असल्यास गावाच्या सामाईक हक्काचा प्रश्न उपस्थित होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपालसिंग खटल्यात सामाईक जमिनींच्या रक्षणावर दिलेला भर या संदर्भात लक्षात घ्यावा लागतो.

दुसरा टप्पा मोजणीचा आहे. हद्द निश्चित नसेल तर पुढे अतिक्रमणाचे वाद उद्भवतात. तिसऱ्या टप्प्यात स्थळाची संरक्षणस्थिती तपासावी लागते. स्मारक केंद्र-संरक्षित असल्यास २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित व त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र विनियमित असते. भाडेपट्टा मिळाला तरी हे निर्बंध संपुष्टात येत नाहीत. राज्य-संरक्षित स्मारकांस राज्याचा १९६० चा अधिनियम लागू होतो. यानंतर प्रस्ताव महसूल यंत्रणेमार्फत सक्षम अधिकाऱ्याकडे जातो. राज्य शासनाच्या वतीने होणारा करार संविधानाच्या अनुच्छेद २९९ नुसार राज्यपालांच्या नावाने व विहित रीतीने होणे आवश्यक असते. अधिकाऱ्याचे तोंडी आश्वासन अथवा साधे पत्र या कराराची जागा घेऊ शकत नाही.

अनुभवाचा बोध :
सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातील काही किल्ले पर्यटनासाठी दीर्घ मुदतीने देण्याच्या धोरणाची वार्ता आली, तेव्हा तीव्र जनक्षोभ उसळला. छत्रपती शिवाजी महाराजांशी निगडित व संरक्षित किल्ल्यांना ते लागू नाही, असे शासनास स्पष्ट करावे लागले. या घटनेतून एक गोष्ट ध्यानी येते. कायद्याच्या दृष्टीने जमीन शासनाची असली तरी लोकमानसात गड हा समाजाचा ठेवा आहे. म्हणून भाडेपट्टा वैध असणे आणि तो समाजमान्य असणे या दोन भिन्न बाबी होत. २००७ पासूनच्या राज्य संरक्षित स्मारक संगोपन योजनेत जमिनीवर हक्क न देता देखभालीची जबाबदारी सोपविण्याचा पर्याय पुढे आला, तो या दृष्टीने विचारार्ह आहे. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने महाराष्ट्रातील ११ व तमिळनाडूतील जिंजी असे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाल्यानंतर किल्ल्यांच्या परिसरातील जमिनींचे महत्त्व अधिकच वाढले आहे.

निष्कर्ष :
वारसास्थळासाठी भाडेपट्टा मागताना मूळ वास्तू आणि तिच्यालगतची सुविधांची जागा यांत स्पष्ट भेद करणे श्रेयस्कर ठरते. वास्तू शासनाकडेच राहावी व पट्टा सुविधांपुरता मर्यादित असावा. करारात प्रयोजन, मुदत, सर्वांना प्रवेश, पोटभाड्यास मनाई आणि अटीभंग झाल्यास जमीन परत घेण्याची तरतूद निःसंदिग्धपणे नमूद असावी. त्याचबरोबर, प्रस्ताव दाखल करण्यापूर्वी ग्रामसभेस विश्वासात घेतल्यास पुढील संघर्ष टळू शकतो. महाविद्यालयीन इतिहास विभागांनी आपल्या परिसरातील असंरक्षित स्थळांचे सातबारा उतारे व हद्दीचे नकाशे संकलित केले, तर ते कार्य कोणत्याही स्वच्छता मोहिमेइतकेच मोलाचे ठरेल. कारण ज्या जागेची नोंदच स्पष्ट नाही, तिचे रक्षण कोणालाही करता येत नाही.