सोडियम पारदर्शक होतं तेव्हा

रॉकेलात बुडवून ठेवलेलं, सुरीने कापता येणारं, कापल्याबरोबर चांदीसारखं चमकणारं सोडियम शाळेच्या प्रयोगशाळेत अनेकांनी पाहिलं असेल. त्यावर हवेच्या दाबाच्या 20 लाख पट दाब दिला तर? अणू आणखी दाटीने बसतील आणि धातू अधिकच पक्का धातू होईल, असं बहुतेकांना वाटतं.

घडतं उलटंच. यानमिंग मा, मिखाईल एरेमेत्स, आर्तेम ओगानोव्ह आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की, सुमारे 200 गिगापास्कलला, म्हणजे याच 20 लाख पट दाबाला, सोडियम पारदर्शक होतं आणि विद्युतरोधकही. तोवर त्याचं आकारमान पाचपट घटलेलं असतं. आतल्या इलेक्ट्रॉनांची कवचं एकमेकांवर चढू लागतात. बाहेरच्या एकुलत्या इलेक्ट्रॉनला अणूंजवळ थारा उरत नाही. तो अणूंमधल्या पोकळ्यांत ढकलला जातो आणि तिथेच अडकतो. इलेक्ट्रॉन मोकळे फिरत नसतील तर धातूपण कसलं?

दुसरा गैरसमज अशी रूपं आधी वर्तवणाऱ्या संगणकाबद्दलचा: तो म्हणे अणूंच्या सगळ्या रचना तपासून पाहतो. तेवढ्या रचना तपासायला आयुष्यं पुरणार नाहीत. ओगानोव्ह यांची ‘युस्पेक्स’ ही पद्धत उत्क्रांतीची युक्ती वापरते. आधी काही रचना वाटेल तशा मांडायच्या, क्वांटम गणिताने प्रत्येकीची एन्थाल्पी (दाबाचा हिशेब धरलेली ऊर्जा; ती जितकी कमी, तितकी रचना स्थिर) काढायची, कमी एन्थाल्पीच्या रचनांचा संकर करून पुढची पिढी घडवायची. यात एक मेख आहे. किती अणूंचा घटक पुन्हा पुन्हा येतो, ते आधी धरावं लागतं. पारदर्शक रूपात तो चार अणूंचा आहे. पण त्याच्या अलीकडच्या दाबाला सोडियमचं एक रूप असं आहे की, त्यात आवर्ती घटकच सापडत नाही. तिथे संगणकाला जवळपासच्या रचनेवर भागवावं लागतं.

म्हणून गणिताचं उत्तर हाच अंतिम शब्द, हेही खरं नाही. दाबाखाली सोडियमचे अणू जोड्या करतील आणि धातूपण ओसरेल, असं जेफ्री नीटन आणि नील अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी 2001 मध्येच सुचवलं होतं. धातूपण गेलं, जोड्या मात्र झाल्या नाहीत. निवाडा झाला तो दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये दाबलेल्या, केसाच्या जाडीहून लहान नमुन्यावर.

आता सोडियमच्या काचा येणार का? नाही. दाब काढला की ते पुन्हा धातू होतं. पण सगळेच पदार्थ असे परतत नाहीत: आपल्या रोजच्या दाबाला कार्बनचं स्थिर रूप ग्राफाइट, तरी खोल भूगर्भात घडलेला हिरा वर आल्यावरही हिराच राहतो.