पडून असलेला टॅब्लेटही बोलतो

टेबलावर नुसता पडलेला टॅब्लेटही कंपनीशी बोलत असतो. २०२१ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातले प्राध्यापक डग्लस लीथ यांनी अँड्रॉइड आणि आयओएसचे फोन तपासले. कुणी हात लावत नसतानाही दोन्ही प्रणाली सरासरी दर ४.५ मिनिटांनी आपापल्या कंपनीला माहिती पाठवत होत्या. बहुतेक टॅब्लेटवर याच प्रणाली किंवा त्यांची सख्खी भावंडं चालतात.

जाहिरातदारांना उपयोगी पडतो तो यंत्राचा जाहिरात-ओळख क्रमांक. घरात एकच टॅब्लेट आजोबांपासून नातीपर्यंत फिरतो. वेगळी खाती नसली, तर सगळ्यांच्या आवडीनिवडी त्या एकाच क्रमांकाखाली साठतात. मला सर्वांत खटकतं ते हेच. अँड्रॉइड १२ पासून सेटिंग्जमधल्या जाहिरातींच्या पर्यायात जाऊन तो क्रमांक पुसता येतो. आयपॅडवर एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या आयपॅडओएस १४.५ पासून इतर अ‍ॅप्स आणि वेबसाइटवर तुमचा माग काढण्याआधी अ‍ॅपला परवानगी विचारावी लागते. बिनदिक्कत नकार द्या. नकार दिला म्हणून अ‍ॅपची सोय रोखायला अ‍ॅपलच्या नियमांत मनाई आहे.

भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांचा माग काढण्यावर आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवण्यावर बंदीची तरतूद आहे.