हृदयाचे अप्रवेशी चित्रण आणि त्याची मराठी नावे

कोल्हापूर परिसरातील एखाद्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात घटकाभर बसले असता ‘इको काढला’, ‘पंपिंग कमी निघाले’, ‘अँजिओ करायची आहे’ अशी वाक्ये सहज कानी पडतात. बोलणारा ऊस पिकविणारा शेतकरी असो वा निवृत्त शिक्षक असो, शब्द तेच असतात. हे शब्द मराठीत रुळले याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. प्रश्न निराळा आहे. या प्रत्येक शब्दामागे हृदयाकडे पाहण्याची एक स्वतंत्र रीत आहे. ती रीत काय दाखविते आणि काय दाखवू शकत नाही, हे मात्र नावावरून कळत नाही. त्यामुळे तपासणी अचूक होऊनही तिचा अर्थ रुग्णापर्यंत विपरीत पोहोचण्याचा संभव राहतो.

हृदयाचे अंतरंग पाहण्याचा प्रारंभीचा मार्ग शरीरात शिरण्याचाच होता. १९२९ साली जर्मनीतील वेर्नर फोर्समान या तरुण वैद्याने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत सरकविली आणि ती तेथे पोहोचल्याची खात्री क्ष-किरणांनी करून घेतली. १९५८ मध्ये अमेरिकेतील मेसन सोन्स यांनी हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांत, म्हणजे परिहृद्-धमन्यांत, नळीवाटे क्ष-किरणांना अडविणारे द्रव्य सोडून त्यांचे चित्रण साधले. रूढ अर्थाची अँजिओग्राफी ती हीच. दुसरी वाट स्वीडनमधील लुंड येथे सापडली. इंगे एडलर हे वैद्य आणि कार्ल हेल्मुट हर्ट्झ हे भौतिकीचे अभ्यासक यांनी धातूतील अदृश्य भेगा शोधण्याचे यंत्र मालमे येथील जहाजबांधणीच्या कारखान्यातून उसने आणले आणि १९५३ साली ते छातीवर टेकवून हृदयाच्या हालचालींचे आलेख मिळविले.

‘इको’ म्हणतात तो याच प्रयोगाचा वंशज होय. मनुष्याच्या कानाला सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपलीकडचा ध्वनी ऐकू येत नाही. या तपासणीत कंपनसंख्या साधारणतः २० ते ५० लाख असते. ध्वनी शरीराच्या मऊ ऊतींतून सेकंदाला सुमारे १,५४० मीटर या वेगाने जातो, झडपेवर वा हृदयाच्या भिंतीवर आपटून परततो, आणि परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर निश्चित केले जाते. म्हणजे पडद्यावर दिसते ते छायाचित्र नव्हे. तो प्रतिध्वनींच्या कालमापनावरून रचलेला नकाशा आहे. ‘फोटो काढणे’, ‘एक्स-रे काढणे’ या वळणावर ‘इको काढणे’ हा प्रयोग मराठीने सहजपणे घडविला. पण त्याबरोबर छायाचित्राची कल्पनाही आपसूक आत आली.

याच तपासणीतील रंगांची गोष्ट भाषाभ्यासकास विशेष रुचावी. ख्रिस्तिआन डॉप्लर यांनी १८४२ साली मांडलेल्या तत्त्वानुसार, यंत्राच्या दिशेने येणारे रक्त तांबडे व दूर जाणारे निळे दाखविण्याचा संकेत आहे. पडद्यावरील निळा रंग पाहून ‘अशुद्ध रक्त’ असा तर्क करणारा रुग्ण शालेय पुस्तकातील आकृतीचा संकेत येथे लावीत असतो. चिन्ह आणि अर्थ यांचे नाते यादृच्छिक असते, या सिद्धान्ताचे याहून बोलके उदाहरण वर्गात क्वचितच देता येईल.

‘पंपिंग’ या शब्दाने याहून मोठा घोटाळा होतो. रक्ताने पूर्ण भरलेल्या डाव्या जवनिकेतून एका ठोक्यात जितके टक्के रक्त बाहेर फेकले जाते, ते हे प्रमाण होय. जवनिकेत १२० मिलिलिटर रक्त मावले आणि त्यातील ७२ बाहेर पडले, तर प्रमाण ६० टक्के. निरोगी हृदयात ते साधारणपणे ५५ ते ७० यांच्या दरम्यान असते. शंभर टक्के ते कधीच नसते. परंतु टक्केवारी म्हणताच मराठी मनात परीक्षेचे गुण उभे राहतात आणि विहिरीवरील मोटारपंपाचा अनुभव त्यात भर घालतो. ‘साठ टक्के’ ऐकून चाळीस टक्के हृदय निकामी झाले असे समजणारा मनुष्य अडाणी नसतो. त्याला परिमाण न सांगता केवळ आकडा सांगितलेला असतो.

उलट दिशेची चूक अधिक घातक आहे. ‘इको नॉर्मल आहे’ या वाक्याचा अर्थ ‘रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत’ असा घेतला जातो. वस्तुतः विश्रांतीच्या स्थितीतील इको झडपा, भिंतींची हालचाल व रक्ताचा प्रवाह दाखवितो. परिहृद्-धमन्यांतील अडथळे तो थेट दाखवीत नाही. मोठा अडथळा असूनही हृदयाच्या भिंती विश्रांतीत व्यवस्थित हलत असू शकतात. म्हणूनच चालताना छातीत कळ येणाऱ्यास श्रमाच्या वेळची तपासणी किंवा धमन्यांचे चित्रण सुचविले जाते.

येथे ‘अँजिओ’ हा शब्द आडवा येतो. अँजिओग्राफी हे निदान आणि अँजिओप्लास्टी हा उपचार, पण बोलण्यात दोन्हींची शेपटी तुटून एकच ‘अँजिओ’ उरते. त्यात आता सी.टी. अँजिओग्राफीची भर पडली आहे. तीत हृदयापर्यंत नळी जात नाही. हाताच्या शिरेत आयोडीनयुक्त द्रव्य टोचून क्ष-किरणांनी चित्रांच्या चकत्या घेतल्या जातात व संगणक त्या जोडतो. अडथळा नाही असे सांगण्यात ही तपासणी विशेष विश्वसनीय ठरते. धमनीत चुना फार साचला असेल, तर मात्र तो अडथळा आहे त्याहून मोठा भासवितो. संमतिपत्रावर सही करणाऱ्याला या तिन्हींपैकी कशाला आपण होकार देतो आहोत हे कळलेच पाहिजे.

या साऱ्या नव्या पद्धतींना एकत्रित नाव काय द्यावे? ‘अनाक्रमक’ हा शब्द लॅटिन मुळाशी इमान राखतो, पण मराठीत तो स्वभावाचे वर्णन वाटतो. ‘अप्रवेशी’ हा अधिक नेमका. उपकरण आत शिरत नाही एवढेच तो सांगतो. कोल्हापूरच्याच राजाराम महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या माधव त्र्यंबक पटवर्धनांनी १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला, त्यातील ‘विवेक’ हा शब्द येथे उपयोगी पडतो. ‘इको’ हा शब्द हुसकून लावण्यात काही लाभ नाही. उलट ‘क्ष-किरण’ हा शब्द टिकला, कारण रंटगेन यांनी अज्ञाताचे चिन्ह वापरले होते आणि मराठी बीजगणितातही अज्ञातासाठी ‘क्ष’ सिद्धच होता.

काही ठिकाणी तर शब्द घडविण्याचीही गरज नाही. चुंबकीय चित्रणात गॅडोलिनियमयुक्त द्रव्य टोचल्यानंतर काही मिनिटांनी, पूर्वीच्या झटक्याने मृत झालेला हृदयस्नायूचा भाग उजळून दिसतो. कोणत्या भागात रक्तपुरवठा पूर्ववत करून लाभ होण्याची आशा आहे, हे ठरविण्यास त्याची मदत होते. त्या उजळ भागाला अहवालात ‘स्कार’ म्हणतात. जखम भरून आल्यावर मागे राहणाऱ्या अशा खुणेला मराठी घरात ‘वण’ म्हणतात.