बाहेर उणे पंचवीस, आत एकवीस

जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला स्वीडनच्या उत्तर भागात क्विकयोक गावाजवळ पारा उणे ४३.६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. देशाचा नीचांक त्याच्याही खालचा आहे : २ फेब्रुवारी १९६६ रोजी वुओग्गात्योल्मे इथे नोंदलेला उणे ५२.६. असे दिवस क्वचित येतात, पण लुलेओ, उमेओसारख्या उत्तरेकडच्या शहरांना उणे वीस-पंचवीसची सवय आहे. आणि त्याच दिवसांत तिथल्या घरांमध्ये माणसं साध्या टी-शर्टवर वावरत असतात, लहान मुलं जमिनीवर अनवाणी खेळत असतात. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर आला की आपण घरातही स्वेटर आणि कानटोपी चढवून बसतो. बाहेर त्याहून तीस अंश जास्त थंडी असताना तिथलं घर उबदार राहतं ते नेमकं कसं, हे पायरीपायरीने समजून घेण्यासारखं आहे.

सुरुवात हीटरपासून न करता भिंतीपासून करावी लागते. आत एकवीस आणि बाहेर उणे पंचवीस म्हणजे दोन्हींत सेहेचाळीस अंशांचा फरक. उष्णता सतत बाहेर जात राहणार, ती पूर्णपणे थांबवता येत नाही. घराचं तापमान टिकवायचं म्हणजे जेवढी उष्णता बाहेर जाते तेवढीच आत भरत राहायची. भरायचं किती, हे गळती किती यावर ठरतं.

थोडा हिशोब करू. १२० चौरस मीटरचं एक स्वतंत्र घर घ्या, त्याच्या बाहेरच्या भिंती मिळून १०० चौरस मीटर. या भिंती आपल्याकडच्यासारख्या नऊ इंची विटांच्या असत्या, तर एवढ्या फरकाला त्यांच्यातून दहा किलोवॅटच्या आसपास उष्णता गेली असती. म्हणजे दोन किलोवॅटचे पाच गीझर रात्रंदिवस चालू, आणि तेही केवळ भिंतींसाठी. स्वीडनमधल्या आजच्या नव्या घराची भिंत म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यात गच्च भरलेलं वीस-पंचवीस सेंटिमीटर ग्लासवूल किंवा रॉकवूल. तिच्यातून जातात सुमारे आठशे वॅट. छताच्या पोटमाळ्यावर हाच थर चाळीस-पन्नास सेंटिमीटरपर्यंत जाड असतो. ग्लासवूल स्वतः काही तापवत नाही. त्याच्या तंतूंमध्ये हवा अडकून पडते आणि अडकलेली, न हलणारी हवा उष्णतेची फार वाईट वाहक असते.

खिडक्यांचंही तसंच. एकेरी काचेच्या वीस चौरस मीटर खिडक्यांमधून पाच किलोवॅटहून जास्त उष्णता निसटेल. तिथे आता तीन काचांची खिडकी रूढ आहे. काचांच्या मधल्या फटींत आर्गॉन वायू भरलेला असतो आणि काचेवर धातूचा इतका पातळ लेप असतो की तो डोळ्यांना दिसत नाही, पण खोलीतली उष्णता आत परतवतो. अशी खिडकी वरचा आकडा आठशे वॅटच्या आसपास आणते. फरक फक्त बिलात पडतो असं नाही. एकेरी काचेजवळची हवा थंड होऊन जड होते, खाली घसरते आणि जमिनीवरून पायांशी येते. खोलीतला थर्मामीटर एकवीस दाखवत असला तरी बसणाऱ्याला गारठा जाणवतो. रेडिएटर नेमका खिडकीखाली बसवायची जुनी पद्धत याचसाठी आहे : खाली येणाऱ्या थंड हवेला वर जाणाऱ्या गरम हवेने अडवायचं.

भिंतीत आणखी एक गोष्ट असते, जिच्याबद्दल बाहेरच्यांना सहसा माहिती नसते. ग्लासवूलच्या आतल्या, म्हणजे उबदार बाजूला प्लॅस्टिकचा एक अखंड कागद लावलेला असतो. स्वयंपाक, अंघोळ, श्वास यांतून घरात तयार होणारी वाफ भिंतीतून बाहेर जाऊ पाहते. ती मधल्या थंड थरापर्यंत पोचली तर तिथे पाणी बनेल, ग्लासवूल भिजेल, लाकूड कुजेल. वाफेला अलीकडेच अडवण्याचं काम हा कागद करतो. म्हणूनच तिथे भिंतीत लांब खिळा ठोकण्याआधी माणसं विचार करतात. मुंबईत किंवा गोव्यात दिवसभर एसी चालणाऱ्या घरात ओलावा उलट दिशेने, बाहेरून आत येऊ पाहतो, त्यामुळे ही रचना तशीच्या तशी उचलून चालायची नाही.

भिंती, खिडक्या, छत असं सगळं बंदिस्त केलं की उरते हवा. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथेच गणित उलटतं. घट्ट बांधलेल्या घरात माणसं गुदमरू नयेत, ओल साचू नये म्हणून हवा बदलत राहावी लागते. स्वीडनमधलं प्रमाण आहे दर चौरस मीटरला सेकंदाला ०.३५ लिटर. आपल्या १२० चौरस मीटरच्या घराची सगळी हवा त्या हिशेबाने साधारण दर दोन तासांनी नवी होते. उणे पंचवीसची हवा एकवीसपर्यंत तापवायला सतत सव्वादोन किलोवॅटच्या आसपास लागतात. म्हणजे भिंती आणि खिडक्या मिळून जेवढं जातं, त्याहून जास्त एकट्या वायुविजनातून जातं.

त्यावरचा उपाय सोपा आहे आणि देखणाही. बाहेर जाणारी शिळी उबदार हवा आणि आत येणारी ताजी गार हवा एकाच पेटीतून, पातळ पत्र्यांच्या दोन बाजूंनी न्यायची. हवा एकमेकींत मिसळत नाही, उष्णता मात्र पत्र्यातून पलीकडे जाते. चांगलं यंत्र अशा रीतीने चार पंचमांश उष्णता परत मिळवतं. जुन्या इमारतींत ही सोय नसते. तिथे न्हाणीघरातून आणि स्वयंपाकघरातून पंखा हवा ओढून बाहेर टाकतो आणि खिडकीच्या वरच्या चिंचोळ्या झडपांतून ताजी हवा आत येते. जानेवारीत त्या झडपेतून गार झोत येतो म्हणून नवखी माणसं तिच्यावर चिकटपट्टी लावतात. हे करू नये. ओल आतच राहते, खिडकीच्या कडेला पाणी साचतं आणि वसंतापर्यंत कोपऱ्यांत बुरशी धरते. थोडी जास्तीची हवा हवीच असेल, तर खिडकी तासन्‌तास किलकिली ठेवण्यापेक्षा समोरासमोरच्या खिडक्या पाचेक मिनिटं सताड उघडाव्यात. हवा बदलते, पण भिंती आणि सामान यांत साठलेली ऊब तेवढ्यात जात नाही.

पुण्याहून स्टॉकहोमला किंवा गोथेनबर्गला कामासाठी गेलेल्या मराठी घरांना या यंत्रणेची ओळख बहुधा फोडणीमुळे होते. सबंध इमारतीचं वायुविजन एकमेकांशी जोडलेलं असलं, तर ओट्यावर स्वतःचा जोरदार पंखा बसवून तो सामाईक नळीला जोडायला सहसा मनाई असते, कारण त्याने सगळ्या इमारतीच्या हवेचा तोल बिघडतो, आणि आपली हिंग-मोहरी शेजाऱ्यांच्या घरात पोचू शकते. अशा ठिकाणी नियंत्रित झडपेची चिमणी किंवा कोळशाचा फिल्टर असलेला पंखा, एवढेच पर्याय उरतात.

थंडीइतकाच तिथला कोरडेपणाही जाणवतो. उणे पंचवीसच्या हवेत घनमीटरला एक ग्रॅमही बाष्प नसतं, तर एकवीस अंशांच्या हवेत अठरा ग्रॅमपर्यंत मावतं. बाहेरची हवा आत येऊन तापली की तिची सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. ओठ फुटतात, घसा सुकतो, दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी बसते. घरात वाळत घातलेले कपडे रातोरात कडकडीत होतात.

आता उष्णता येते कुठून? आपल्या हिशोबातल्या घराला सगळी गळती मिळून पाचेक किलोवॅट पुरतात, आणि हवेतली उष्णता परत मिळवली तर त्याहूनही कमी. ही उष्णता पुरवण्याच्या रीती प्रदेशागणिक वेगळ्या.

शहरांत मुख्य पद्धत डिस्ट्रिक्ट हीटिंगची. एखाद्या केंद्रात पाणी तापवायचं आणि जमिनीखालच्या, जाड वेष्टन घातलेल्या पोलादी नळांतून ते शहरभर फिरवायचं. कोपनहेगनलगतच्या फ्रेडरिक्सबर्गमध्ये १९०३ पासून कचरा जाळून अशी उष्णता पुरवली गेली. स्वीडनमध्ये पहिली यंत्रणा १९४८ साली कार्लस्टाडला सुरू झाली. आज डेन्मार्कमधली सुमारे दोन तृतीयांश घरं या पाण्यावर उबदार राहतात. कोपनहेगनच्या आमागर बाक्के या कचरा जाळणाऱ्या केंद्राच्या उतरत्या छतावर लोक स्कीइंग करतात. लुलेओमध्ये तर पोलाद कारखान्यातून निघणारा वायू जाळून त्यावर वीज आणि शहराचं गरम पाणी अशी दोन्ही कामं कित्येक दशकं होत आली आहेत. जे वातावरणात वाया जायचं, त्यावर गाव उबदार राहावं, याहून शहाणा वापर मला सुचत नाही.

केंद्राचं पाणी थेट घरातल्या रेडिएटरमध्ये येत नाही. इमारतीच्या तळघरात पन्हाळीदार पातळ पत्र्यांचा एक हीट एक्स्चेंजर असतो. एका बाजूने शहराचं पाणी, दुसऱ्या बाजूने इमारतीचं, मधून फक्त उष्णता जाते. असे हीट एक्स्चेंजर बनवणाऱ्या आल्फा लावल या स्वीडिश कंपनीचा जुना कारखाना पुण्यात दापोडीला आहे.

रेडिएटरचं पाणी किती गरम ठेवायचं हे रहिवासी ठरवत नाही. इमारतीच्या उत्तरेच्या, ऊन न लागणाऱ्या भिंतीवर एक संवेदक असतो. बाहेर पारा जसजसा उतरतो तसतसं तळघरातलं नियंत्रण पाण्याचं तापमान वाढवतं. रेडिएटरच्या तोंडाशी असलेली थर्मोस्टॅटची चकती खोलीपुरतं शेवटचं नियंत्रण करते : तिच्यातला पदार्थ उष्णतेने प्रसरण पावतो आणि झडप बंद करतो. म्हणून रेडिएटर हाताला गार लागला म्हणजे बिघडला असं नाही. खोली हवी तेवढी तापली, एवढाच त्याचा अर्थ. जाड पडदा किंवा सोफा या चकतीसमोर आला, तर तिच्याभोवतीच ऊब कोंडते, तिला खोली तापल्यासारखं वाटतं आणि उरलेली खोली गारठते. घर थंड असल्याची तक्रार नोंदवण्याआधी सोफा हातभर पुढे ओढून पाहावा.

शहराबाहेरच्या स्वतंत्र घरांत हीट पंपांनी मोठी जागा घेतली आहे. यंत्र आपल्या एसीचंच, फक्त दिशा उलटी : बाहेरची उष्णता आत आणायची. गोठलेल्या हवेतूनही उष्णता घेता येते, कारण यंत्रातला द्रव त्याहूनही थंड तापमानाला उकळतो. त्याची वाफ कॉम्प्रेसरने दाबली की ती तापते आणि ती उष्णता घराला मिळते. एका युनिट विजेवर तीन-चार युनिट उष्णता पदरात पडते. बाहेरच्या हवेवर चालणारा पंप मात्र ऐन कडाक्यात, म्हणजे गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच, दुबळा पडतो. म्हणून स्वीडनमध्ये अनेक जण अंगणात दीडशे-दोनशे मीटर खोल भोक पाडून त्यात न गोठणारं मिश्रण फिरवतात. खोलवरच्या खडकाचं तापमान ऋतूंप्रमाणे फारसं बदलत नाही. खर्च मोठा येतो, पण जागा आणि पैसा असेल तर मी हाच पर्याय निवडेन.

नॉर्वेत वीज बहुतेक सगळी धबधब्यांची आणि धरणांची, त्यामुळे घरंही विजेवरच तापतात. खनिज तेलावर घर तापवायला तिथे २०२० पासून बंदी आहे. तरीही लाकडाची शेगडी घरोघरी टिकून आहे. तिचं सगळं यश लाकडाच्या कोरडेपणात आहे. नुकत्याच तोडलेल्या बर्च झाडाच्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. ते तसंच जाळलं तर बरीचशी उष्णता पाणी उकळण्यातच जाते आणि धुराड्यात काजळी साचते. म्हणून हिवाळा सरता सरता लाकूड फोडायचं, वर छप्पर आणि बाजू मोकळ्या ठेवून रचायचं आणि उन्हाळाभर वाळवून ओल वीस टक्क्यांच्या खाली आणायची. या कामाबद्दल तिथे एवढी आस्था आहे की २०१३ साली नॉर्वेच्या सरकारी वाहिनीने लाकूड आणि शेगडी यांवर बारा तासांचा कार्यक्रम दाखवला होता. ढलप्या रचताना साल वर ठेवायची की खाली, यावर प्रेक्षकांमध्ये चांगलाच वाद झाला.

स्वीडनमध्ये सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी लाकडाच्या टंचाईतून एक मोठा शोध लागला. लोखंडाच्या भट्ट्या कोळशासाठी जंगलं खात होत्या आणि घरातल्या उघड्या चुलीची बहुतेक उष्णता धुराड्यातून आकाशात जात होती. १७६७ साली कार्ल योहान क्रोनस्टेड आणि फाबियन व्रेडे यांनी सुधारित भट्टीचा आराखडा मांडला. धूर थेट वर न सोडता विटांच्या वळणावळणाच्या मार्गांनी वरखाली फिरवायचा, म्हणजे त्याची उष्णता विटांत मुरते. सकाळ-संध्याकाळ एकेकदा जाळ केला की चकचकीत फरशांची ती भट्टी दिवसभर मंद ऊब देत राहते. स्टॉकहोममधल्या जुन्या घरांत अशा भट्ट्या आजही उभ्या आहेत, काही चालूही आहेत.

वीज गेली तर काय, हा प्रश्न शेवटी येतोच, कारण हीट पंप विजेवर चालतो आणि डिस्ट्रिक्ट हीटिंगच्या इमारतीत रेडिएटरचं पाणी फिरवणारा तळघरातला पंपही विजेवरच. स्वीडनच्या सरकारने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये आणीबाणीच्या तयारीची पुस्तिका घरोघरी पाठवली. पहिल्या पुस्तिकेतला ऊब टिकवण्याचा सल्ला साधा आहे : सगळ्यांनी एकाच खोलीत जमावं, खिडक्यांवर घोंगड्या टांगाव्यात, जमिनीवर सतरंज्या पसराव्यात आणि टेबलाखाली आडोसा करून त्यात बसावं. छोट्या जागेत माणसांच्या अंगाची उष्णता, म्हणजे माणशी शंभर वॅट, कामी येते. चांगलं बांधलेलं घर या वेळी हळूहळू निवतं, तर फटी असलेलं जुनं घर काही तासांतच गारठतं. घर सोडूनच जावं लागलं, तर पाण्याचा मुख्य कॉक बंद करून सगळे नळ उघडायचे आणि पाइप रिकामे करायचे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं आणि पाइप फाटतो. पण ते कळतं नंतर, ऊब परतून बर्फ वितळला की.