रात्रीचा गारवा, दिवसाचं छप्पर

सोलापूर, बीड, लातूर या पट्ट्यात मे महिन्यात दुपारी पारा 40 अंशांच्या घरात असतो. पहाटे मात्र तो 25-26 पर्यंत उतरतो. रोज रात्री इतकी गार हवा दाराशी येते आणि सकाळी आठ-नऊपर्यंत निघून जाते. ती घरात मुरवायची कशी, हा खरा प्रश्न.

माळवदाच्या घरांना त्याचं उत्तर सापडलं होतं. हातभराहून रुंद भिंती, तुळयांवर फळ्या, त्यावर पाला आणि वर चांगला फूटभर पांढऱ्या मातीचा थर. छताला सवणं, म्हणजे उजेड-वाऱ्यासाठी ठेवलेलं भोक. दुपारचं ऊन मातीतून खाली झिरपेपर्यंत रात्र पडते. तोवर घरची माणसं माळवदावर अंथरुणं टाकून निजलेली असतात. खालची गरम हवा सवण्यातून वर जाते, दारा-खिडक्यांतून गार हवा आत येते आणि भिंती पहाटेपर्यंत निवतात. त्या निवलेल्या भिंतीच दुसऱ्या दुपारी घर सांभाळतात.

सिमेंटच्या उघड्या स्लॅबचं नेमकं उलटं. चार-पाच इंचांचा तो थर दिवसभर तापतो आणि रात्री दहाला खोलीत धग सोडत राहतो. पंखा तीच हवा खाली ढकलतो. अनेक जण मग खालून थर्माकोलचं सीलिंग करतात. फरक पडतो, पण ऊन अडवायची खरी जागा स्लॅबच्या वर आहे. वर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि पांढरी चायना चिप्स टाकली, की खालचा स्लॅब रात्रीच्या हवेने गार होतो आणि दिवसा खोलीतली उष्णता शोषून घेतो. पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी 1980 च्या सुमारास अहमदाबादेत बांधलेल्या ‘संगाथ’ या आपल्या कार्यालयात याच वाटेने काम केलं: कमानदार छतांच्या पोटात मातीच्या पोकळ नळ्या, वर पांढऱ्या चिनीमातीचे तुकडे आणि इमारतीचा काही भाग जमिनीखाली.

मुंबई-कोकणात रात्रीच्या हवेचा एवढा उपयोग नाही. तिथे मे महिन्यात रात्रीही पारा 27 च्या आसपास रेंगाळतो, म्हणून वारा आरपार खेळता ठेवणं महत्त्वाचं.

सगळ्यात हाल पत्र्याच्या शेडमध्ये. अर्धा मिलिमीटर पत्रा बघता बघता तापतो आणि खालच्या माणसाच्या डोक्यावर आग ओततो. त्यात एक हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे सुमारे 750 वॅट. ती वीज अखेर शेडमध्ये उष्णता होऊनच उरते. यंत्रमाग असेल तर आणखी अडचण, कारण कोरड्या हवेत सुती धागा तुटतो आणि खिडक्या मोकळ्या ठेवता येत नाहीत. तिथे आठ-दहा तास उभ्या असणाऱ्या कामगारासाठी पत्र्याला वरून पांढरा रंग आणि खाली दोन बोटं पोकळी सोडून चकचकीत फॉइल, एवढं तरी मालकाने करायलाच हवं. फॉइलच्या एका अंगाला हवा मोकळी हवी; दोन्हीकडून दाबलं गेलं, की त्याची चकाकी वाया जाते. माग थांबले, की माथ्याचा एक्झॉस्ट फॅन लावून खालच्या खिडक्या उघडायच्या, म्हणजे फरशी आणि यंत्रांचं लोखंड निवतं. एक थर्मामीटर आत, एक बाहेर सावलीत टांगावा: बाहेरचा आकडा आतल्याच्या खाली गेला की उघडायचं, सकाळी तो चढून आतल्याशी आला की बंद.