एकाहून अधिक कागदकलांचा छंद : वेळेचे नियोजन आणि अवधानाची एकाग्रता

सारांश :
कागद हे माध्यम एकच असले तरी त्यावर आधारलेल्या कलांना लागणारा वेळ एकसारखा नसतो. घडीकाम, कातरकाम, क्विलिंग, पुस्तकबांधणी, आकाशकंदील असे अनेक छंद जोपासणाऱ्या व्यक्तीने वेळेची समान वाटणी करण्याऐवजी प्रत्येक कलेच्या कामाचे स्वरूप ओळखून क्रम लावणे अधिक हितावह ठरते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : कागदकला, छंद, वेळेचे नियोजन, अवधान, ओरिगामी, पुस्तकबांधणी

प्रस्तावना :
मानवी जीवनात छंदाला अनन्यसाधारण महत्त्व आहे. त्यातही कागदकला हा सर्वसामान्यांच्या आवाक्यातील छंद होय. कागद स्वस्त असतो, साधने थोडी लागतात व जागाही फारशी अडत नाही. मात्र हीच सुलभता पुढे अडचणीचे कारण बनते. ओरिगामी येऊ लागली की क्विलिंगच्या रंगीत पट्ट्या घरात येतात, त्यांच्यामागून कातरकामाची पाती व बांधणीची सुई-दोरा येतो. काही महिन्यांनी कपाटात अर्धवट वस्तूंचा ढीग साचतो. आनंदासाठी स्वीकारलेला छंद मनाला बोचू लागतो आणि 'वेळच मिळत नाही' या सबबीवर सर्वच कलांना एकदम निरोप दिला जातो. वास्तविक पाहता अशा वेळी उणीव वेळेची असतेच असे नाही. ती बहुधा वेळेच्या विभागणीत असते. या विभागणीचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

कागदकलांचे वेळेच्या दृष्टीने स्वरूप :
घडीकाम ही टप्प्याटप्प्याने चालणारी कला आहे. जपानी कलावंत अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी १९५४ मधील पुस्तकातून घड्या दाखवण्यासाठी बाण व तुटक रेषांची जी चिन्हपद्धती मांडली, ती पुढे जगभर रूढ झाली. या पद्धतीच्या आकृत्यांना क्रमांक असल्यामुळे एखाद्या क्रमांकावर थांबून दुसऱ्या दिवशी पुढे जाता येते. आवराआवरही नसते. सोनोबे घटकांसारख्या जोडकामात तर ही सोय अधिकच आहे. सहा घटकांचा घन होतो, तर तीस घटकांपासून मोठा तारकाकृती गोल तयार होतो. दिवसाला पाच घटक घडवले, तरी सहा दिवसांत तिसांची पूर्तता होते. म्हणून घडीकाम हे सुट्या पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे.

कातरकामाचे तसे नाही. तेथे धारदार पाते, भरपूर उजेड व स्थिर हात यांची गरज असते. एक चुकीचा काप संपूर्ण नमुना वाया घालवू शकतो. दिवसभराच्या अध्यापनानंतर अथवा कार्यालयीन कामानंतर थकलेल्या डोळ्यांनी हे काम करू नये; सुट्टीच्या दिवशीची सकाळ त्यासाठी राखावी. क्विलिंगमध्ये पट्ट्या गुंडाळण्याचे काम पुनरावृत्तीचे असल्याने गप्पा मारता मारता होऊ शकते. परंतु गुंडाळ्यांची अंतिम मांडणी व चिकटवणी सलग बैठक मागते. म्हणजे एकाच कलेत दोन प्रकारचा वेळ दडलेला असतो.

पुस्तकबांधणीत याहून निराळा असा तिसरा प्रकार आढळतो, तो म्हणजे प्रतीक्षेचा वेळ. कागदाच्या तंतूंची दिशा पाहून जुज घडवणे, भोके पाडणे व शिवणे ही हाताची कामे होत. मात्र पाठीला खळ लावल्यावर पुस्तक दाबाखाली रात्रभर ठेवावेच लागते. तेथे घाई केली की पुठ्ठा वाकतो. या काळात कारागीर मोकळा असतो, वस्तू मात्र मोकळी नसते. ओल्या कागदाच्या घडीकामासही वाळण्याचा असाच अवधी द्यावा लागतो.

तात्पर्य, प्रत्येक कलेविषयी तीन प्रश्न विचारणे आवश्यक आहे. काम मध्येच थांबवता येते काय? त्याला ताजे अवधान लागते काय? आणि त्यात वाट पाहण्याचा काळ किती? या उत्तरांवरून वेळापत्रक ठरावे.

समान वाटणीचे गणित :
अनेक छंद असणाऱ्यांची स्वाभाविक प्रवृत्ती सर्वांना सारखा वेळ देण्याची असते. हे न्याय्य वाटते, पण त्याचा परिणाम तपासून पाहावा. समजा, एका व्यक्तीस आठवड्यातील पाच दिवस अर्धा तास व रविवारी दोन तास, असे एकूण साडेचार तास मिळतात. तिच्यासमोर तीन कामे आहेत व प्रत्येकास नऊ तास लागणार आहेत. तिन्ही कामे एकाच वेळी चालवल्यास प्रत्येकाच्या वाट्यास आठवड्याला दीड तास येतो आणि तिन्ही कामे सहाव्या आठवड्याच्या अखेरीस पूर्ण होतात. तोपर्यंत हाती काहीच नसते. तीच कामे एकामागून एक केल्यास पहिले दुसऱ्या, दुसरे चौथ्या व तिसरे सहाव्या आठवड्यात पूर्ण होते. एकूण वेळ तेवढाच लागतो. परंतु पूर्ततेचा पहिला आनंद चार आठवडे आधी मिळतो. छंद टिकण्यासाठी हा आनंद अत्यावश्यक आहे. शिवाय हे गणित कामे बदलताना काहीच वेळ वाया जात नाही असे गृहीत धरते. प्रत्यक्षात साधने काढणे, मांडणे व आवरणे यांत अर्ध्या तासातील मोठा भाग खर्ची पडतो.

या नियमाला प्रतीक्षेच्या वेळेचा अपवाद आहे. पुस्तक दाबाखाली असताना सोनोबेचे घटक घडवणे म्हणजे लक्ष विभागणे नव्हे. तो मोकळ्या वेळेचा सदुपयोग होय. म्हणून 'एक मुख्य काम व एक पूरक काम' हे सूत्र स्वीकारावे. मुख्य काम सलग बैठकीचे असावे आणि पूरक काम कोठेही थांबवता येण्याजोगे असावे. अन्य साहित्य तूर्त दृष्टीआड ठेवावे.

अवधानाचा प्रश्न :
एका कामातून दुसऱ्याकडे वळताना हात लगेच वळतात, मन मात्र मागे रेंगाळते. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये या अवस्थेस 'अवधानाचा अवशेष' अशा अर्थाची संज्ञा दिली. आधीच्या कामाचे विचार शिल्लक राहिल्यास पुढच्या कामाची गुणवत्ता घटते, असे त्यांनी दाखवले. २०१८ मध्ये लेरॉय व थेरेसा ग्लोम्ब यांनी त्यावर उपाय सुचवला. काम थांबवताना आपण कोठे आलो आहोत व परतल्यावर प्रथम काय करावयाचे आहे, याची थोडक्यात नोंद केल्यास मन पुढील कामात लवकर रमते. हे संशोधन नोकरीच्या कामांसंबंधीचे असले, तरी कागदकलेत ते सहज उपयोजता येते. प्रत्येक अपूर्ण वस्तू स्वतंत्र पाकिटात किंवा डब्यात ठेवून तिच्यासोबत 'क्रमांक १४ पर्यंत झाले. पुढे उजवा कोपरा आत घ्यावा' अशी चिठ्ठी ठेवावी.

वेळेच्या अंदाजातील चूक :
आपल्या कामास लागणारा वेळ माणूस बहुधा कमी धरतो. डॅनियल कानेमन व एमस टव्हर्स्की यांनी १९७९ मध्ये ही प्रवृत्ती निदर्शनास आणली. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन व रॉस यांच्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी सुमारे ३४ दिवसांत संपेल असे सांगितले. प्रत्यक्षात सुमारे ५५ दिवस लागले. यावर उपाय म्हणजे एका घटकाचा वेळ प्रत्यक्ष मोजणे. उदाहरणार्थ, कागदी करकोचा घडवण्यास तीन मिनिटे लागत असतील, तर हजार करकोच्यांस पन्नास तास हवेत. रोज अर्धा तास दिल्यास शंभर दिवस होतात. संकल्प करण्यापूर्वी हा आकडा समोर असल्यास संकल्प मोडण्याची वेळ येत नाही.

ऋतू व सण यांचे भान :
महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, पावसाळ्यात कागद ओलावा शोषून फुगतो व खळ वाळण्यास विलंब लागतो. या काळात बांधणी टाळून घड्यांचा सराव व नमुन्यांची आखणी करावी. आकाशकंदिलाचे काम दिवाळीच्या तिथीने बांधलेले असते. कामट्यांचा सांगाडा, पतंगी कागदाची चिकटवणी व झिरमिळ्या ही कामे तिथीपासून उलट मोजून नवरात्रातच आरंभावीत. परीक्षा व उत्तरपत्रिका तपासणीच्या काळात शिक्षकांनी केवळ पूरक काम चालू ठेवावे.

दोन उदाहरणे :
इंग्लंडमधील मेरी डेलनी (१७००–१७८८) यांना भरतकाम, शिंपल्यांचे काम, चित्रकला असे अनेक छंद होते. वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांनी रंगीत कागदाचे तुकडे काळ्या कागदावर चिकटवून फुले साकारण्यास आरंभ केला. दृष्टी मंदावेपर्यंतच्या सुमारे दहा वर्षांत त्यांनी ९८५ चित्रे सिद्ध केली. म्हणजे महिन्याला सरासरी आठ. हा संग्रह आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. उतारवयातही एका कामास मुख्य स्थान दिल्याने काय साधते, याचे हे उदाहरण आहे.

मराठी वाचकांस अनिल अवचट (१९४४–२०२२) परिचित आहेत. लेखन व सामाजिक कार्य सांभाळून त्यांनी ओरिगामी, लाकडातील शिल्पे, बासरी व चित्रकला जोपासली आणि 'छंदांविषयी' हे पुस्तकही लिहिले. छंदांची अनेकता हा मुळात दोष नव्हे, हे त्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष :
१. कागदकलांची वाटणी घड्याळानुसार समान न करता कामाच्या स्वरूपानुसार करावी.
२. एका वेळी एक मुख्य व एक पूरक काम हाती असावे.
३. काम थांबवताना पुढील पायरीची चिठ्ठी लिहावी.
४. संकल्पापूर्वी एका घटकाचा वेळ मोजावा.
५. ऋतू, सण व नोकरीचे वेळापत्रक विचारात घ्यावे.

समारोप :
वेळेचे नियोजन म्हणजे छंदाला कार्यालयीन शिस्त लावणे नव्हे. फावल्या अर्ध्या तासात कोणता कागद हाती घ्यावा, हा निर्णय आधीच झालेला असला की तो अर्धा तास खऱ्या अर्थाने छंदाचा होतो. बाजूला ठेवलेली कला सोडलेली नसते. तिची पाळी अद्याप यावयाची असते, एवढे ध्यानात ठेवल्यास अनेक छंद एका आयुष्यात सुखाने नांदू शकतात.